गांजाच्या गुन्ह्यात कोठडीत दिलेल्या कबुलीजबाबाला न्यायालयात किती किंमत असते?

शिरपूरचा शेतकरी

सर्व सदस्यांना नमस्कार. माझी शेती शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. आमच्याकडे अनेक वर्षांपासून सालदार असलेल्या पावरा या आदिवासी समाजाच्या कुटुंबातील एका तरुणाला अलीकडे गांजाच्या गुन्ह्यात अटक झाली. मुंबई-आग्रा महामार्गावर पोलिसांनी एक गाडी अडवली, त्या गाडीत वीस किलोंहून थोडा अधिक गांजा सापडला, आणि चालकाने चौकशीत 'हा माल अमुक पाड्यावरच्या अमुक मुलाने दिला' असे सांगितले, एवढ्यावरून या मुलाला घरून उचलण्यात आले. त्याच्या घराची आणि खळ्याची झडती झाली, तेथे काहीही मिळाले नाही. मात्र दोन दिवसांनी वर्तमानपत्रात 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' अशी बातमी आली, आणि गावाने त्याच दिवशी त्याला दोषी ठरवून टाकले.

मी गांजाची बाजू घेण्यासाठी हे लिहीत नाही. आमच्या डोंगरपट्ट्यात कापसाच्या किंवा तुरीच्या आड गांजाची झाडे लावली जातात, ती उपटल्याच्या बातम्या नेहमी येतात, आणि त्या मालाने शहरातली व गावातली कितीतरी पोरे वाया गेली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. हा मुलगा निर्दोष आहे, असेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला समजून घ्यायचे आहे ते इतकेच की पोलीस कोठडीत दिलेल्या कबुलीवर न्यायालय शिक्षा देऊ शकते का. एका परिचिताने सांगितले की साध्या गुन्ह्यात अशी कबुली चालत नाही, पण अमली पदार्थांच्या कायद्यात ती चालते. दुसऱ्याने सांगितले की केंद्राच्या पथकाने घेतली तर चालते आणि जिल्हा पोलिसांनी घेतली तर चालत नाही. यातले खरे काय? आणि चालकाने घेतलेल्या नावाचे काय? मुलाचे वडील रोज विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नाही.

अमळनेरचे वकील

भाऊ, आपल्या प्रश्नात दोन वेगळी विधाने एकत्र आली आहेत, ती आधी सुटी करू. एक म्हणजे मुलाने स्वतः दिली असे म्हटले जाते ती कबुली, आणि दुसरे म्हणजे चालकाने घेतलेले त्याचे नाव.

पहिल्या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे आणि तो आजचा नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करताच येत नसे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम २३ मध्ये आली आहे. ही कबुली खरी की खोटी, धाकाने घेतली की राजीखुशीने दिली, या चौकशीत न्यायालयाने शिरावे अशी अपेक्षाच येथे नाही. बंद खोलीत काय घडले हे नंतर कोणालाही खात्रीने सांगता येत नाही, म्हणून कायद्याने तो दरवाजा मुळातच बंद ठेवला आहे. कोठडीत असताना दिलेली कबुली ग्राह्य धरायची, तर ती दंडाधिकाऱ्यांच्या समक्ष दिलेली असावी लागते.

आपल्या परिचितांचा गोंधळ मात्र निराधार नाही. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्याच्या कलम ६७ प्रमाणे अधिकाऱ्यांना कोणाकडूनही माहिती मागवण्याचा आणि त्याची विचारपूस करण्याचा अधिकार आहे. अमली पदार्थ नियंत्रण विभाग, सीमाशुल्क, महसूल गुप्तचर अशा केंद्रीय खात्यांचे अधिकारी या कलमाखाली आरोपीचा जबाब स्वतः लिहून घेत, त्यावर सही घेत, आणि 'आम्ही पोलीस नाही' या आधारावर तो जबाब कबुली म्हणून न्यायालयात मांडत. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये राजकुमार करवाल आणि २००८ मध्ये कन्हैयालाल या प्रकरणांत ही भूमिका मान्यही केली होती. परिणाम असा होता की एकाच कायद्याखाली, एकाच गुन्ह्यासाठी, जिल्हा पोलिसांनी पकडलेल्या माणसाची कबुली रद्दी ठरायची आणि केंद्रीय पथकाने पकडलेल्या माणसाला तशाच कागदावर दहा वर्षांची सक्तमजुरी होऊ शकायची. मला ही तफावत तेव्हाही अन्यायाची वाटत होती आणि आजही वाटते.

२९ ऑक्टोबर २०२० रोजी तोफान सिंग विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोनास एक अशा बहुमताने ही तफावत संपवली. न्या. रोहिंटन नरिमन आणि न्या. नवीन सिन्हा यांनी असे ठरवले की एनडीपीएसच्या कलम ५३ खाली ज्यांना तपासाचे अधिकार दिलेले आहेत ते अधिकारी पुरावा कायद्याच्या दृष्टीने पोलीस अधिकारीच आहेत, आणि कलम ६७ खालील जबाब खटल्यात कबुलीजबाब म्हणून वापरता येणार नाही. न्या. इंदिरा बॅनर्जी यांनी वेगळे मत नोंदवले. आज कायदा बहुमताचा आहे. त्यामुळे कबुली कोणत्या गणवेशापुढे दिली याने आता फरक पडत नाही. २०२१ साली मुंबईच्या क्रूझ जहाजावरील अमली पदार्थांच्या प्रकरणात जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने याच निकालाचा आधार घेऊन आरोपींचे असे जबाब बाजूला ठेवले होते.

आता चालकाने घेतलेले नाव. सहआरोपीची कबुली विचारात घेण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु त्यासाठी ती कबुली आधी रीतसर शाबीत झालेली असावी लागते, आणि पोलिसांपुढची कबुली तर शाबीतच होऊ शकत नाही. शिवाय हरिचरण कुर्मी प्रकरणात १९६४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की सहआरोपीच्या कबुलीपासून सुरुवात करायची नसते; आधी बाकीचा पुरावा पाहायचा, तो दोष सिद्ध करण्याइतका वाटला तर केवळ मनाच्या खात्रीसाठी तिच्याकडे पाहायचे. म्हणून आपल्या प्रकरणात खरा प्रश्न हा आहे की चालकाचे बोलणे वगळले, तर त्या मुलाविरुद्ध काय उरते?

एक अपवाद लक्षात ठेवा. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तुस्थिती नव्याने उघडकीस आली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. तपासात यालाच निवेदन पंचनामा म्हणतात. आरोपी म्हणाला, 'मी माल विकला आणि उरलेला नाल्याकाठी पुरला आहे', आणि पंचांसमक्ष तो तेथून निघाला, तर पुरल्याची जागा दाखवल्याचा भाग येईल, 'मी विकला' हा भाग येणार नाही. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुलुकुरी कोट्टाया या प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाच्या) निकालापासून हाच नियम आहे. नुसते कोणाचे तरी नाव सांगणे म्हणजे शोध नव्हे. मुलाच्या सांगण्यावरून काही निघाले असल्याचा पंचनामा झाला आहे का, हे आधी पाहा.

जामिनाचे गणित मात्र वेगळे आहे. वीस किलोंहून अधिक गांजा म्हटला की व्यावसायिक प्रमाण येते, शिक्षा दहा ते वीस वर्षे होते आणि एनडीपीएसचे कलम ३७ लागू होते. आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे आणि तो जामिनावर असताना पुन्हा गुन्हा करणार नाही, असे न्यायालयाला वाटल्याशिवाय जामीन मिळत नाही. २०२२ मध्ये हरियाणाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तोफान सिंग निकालाचा फायदा अटकपूर्व जामिनाच्या वेळी मागता येणार नाही, नियमित जामिनाच्या वेळी किंवा खटल्याच्या शेवटी तो कदाचित मिळू शकेल. त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात, ज्यांच्याकडे काहीच सापडले नव्हते आणि ज्यांच्यावरचा आरोप मुख्यतः अशा जबाबांवर उभा होता, त्यांचा जामीन सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. हा मुलगा या दुसऱ्या वर्गाच्या जवळ दिसतो, परंतु कागद पाहिल्याशिवाय मी त्यापुढे जाणार नाही.

निवृत्त फौजदार, धुळे

वकील साहेबांनी कायदा नीट मांडला आहे. मी दुसऱ्या टोकाकडून लिहितो, कारण माझी नोकरी धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत तपासातच गेली.

'कबुली घेतली' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पट्टा आणि काठी येते. मारहाण होते हे मी नाकारणार नाही, आणि तिचे समर्थन तर कधीच करणार नाही. परंतु अमली पदार्थांच्या गुन्ह्यात चौकशीशिवाय साखळी वर चढत नाही, हेही तितकेच खरे आहे. ओडिशा-आंध्र सीमेकडून रेल्वेने माल घेऊन येणारा माणूस भुसावळला पकडला जातो, तेव्हा त्याच्याकडे दोन पिशव्या आणि एक मोबाइल क्रमांक असतो. माल कोणी भरला, पैसे कोणी लावले, तो उतरवून घेणारा कोण, यातले फार थोडे त्याला माहीत असते, आणि जे माहीत असते ते त्याच्याकडूनच काढावे लागते. म्हणून २०२० च्या निकालातील बहुमताशी मी पूर्ण सहमत नाही. वरिष्ठ केंद्रीय अधिकाऱ्याने नोटीस देऊन, विचार करण्यास वेळ देऊन घेतलेला जबाब आणि ठाण्यात रात्री घेतलेला जबाब यांत फरक करता आला असता, असे मला वाटते. न्या. बॅनर्जी यांचे मत म्हणूनच वाचण्यासारखे आहे.

तरीही एक गोष्ट मी नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. कबुली हाती आली की तपास सैल पडतो. आरोपी 'हो' म्हणाला, वर्तमानपत्रात बातमी आली, वरिष्ठांनी शाबासकी दिली, की पुढे फोनचे तपशील मागवण्याची घाई उरत नाही. टोलनाक्याचे चित्रीकरण काही दिवसांत पुसले जाते, ते कोणी मागवत नाही. माल ज्या शेतात पिकला त्या शेताचा सातबारा काढला जात नाही, जमीन वनखात्याची असेल तर ती प्रत्यक्षात कोण कसतो याची विचारपूस होत नाही. बँक खात्यातले किंवा मोबाइलवरून फिरलेले पैसे तपासले जात नाहीत. मग दोन वर्षांनी खटला उभा राहतो, पंच फितूर होतात, मुद्देमालाचे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घेतलेले नसतात, आणि ज्या कागदावर सगळी भिस्त ठेवली तो तर पुराव्यात येतच नाही. खरा गुन्हेगार त्याच फटीतून सुटतो. कबुली तपासाची सुरुवात करून देते. तिच्यावर दोषारोपपत्र उभे करणारा अधिकारी आपल्याच हाताने गुन्हा बुडवतो, हे मी माझ्या हाताखालच्या मुलांना नेहमी सांगत आलो.

आरोपीला खरोखरच बोलायचे असेल, तर त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे न्यावे. त्यासाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६४ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८३ आहे. यासाठी वेळ जातो, म्हणून तो मार्ग टाळला जातो, आणि तो टाळणे चुकीचे आहे.

सातपुड्यातील शिक्षिका

मी चोपडा तालुक्यातील एका आश्रमशाळेत शिकवते आणि पावरी बोलू शकते, म्हणून एक-दोनदा अशा जबाबांचे कागद वाचून दाखवण्यासाठी नातेवाइकांनी मला बोलावले आहे. वर कायद्याची चर्चा झाली. मला त्या कागदाच्या आत काय असते त्याविषयी लिहायचे आहे.

एका टंकलिखित जबाबात वाक्य होते: 'सदर मुद्देमाल मी माझे कब्जात बेकायदेशीररीत्या बाळगून विक्री करण्याचे उद्देशाने दिला असून, हा जबाब मी माझे राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय देत आहे.' खाली डाव्या हाताचा अंगठा होता. ज्याचा तो अंगठा होता तो माणूस बाजारात दाळ-मिठाचा भाव विचारण्यापुरती मराठी बोलतो. त्याच्या तोंडून यातला एक शब्दही निघणे शक्य नव्हते. मी त्याच्या बायकोच्या सांगण्यावरून त्याला न्यायालयाच्या आवारात पावरीत विचारले, तेव्हा त्याने सांगितले की त्याला प्रश्न विचारले गेले होते: 'गाडी आली होती ना? तू तिथे होतास ना? पोतं उचललंस ना?' तो हमाल होता. त्याने गाडी भरली होती, आणि त्याने तिन्ही प्रश्नांना मान हलवली. पोत्यात काय आहे हे त्याला ठाऊक होते की नव्हते, हा एकमेव महत्त्वाचा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नाही, पण कागदावर मात्र त्याचे उत्तर लिहिलेले होते.

येथे कोणी कोणाला हात लावला नव्हता. फौजदार साहेबांना मी हेच सांगू इच्छिते की मारहाण नसली म्हणजे कबुली विश्वासार्ह झाली, असे होत नाही. डोंगरातल्या माणसाला साहेबापुढे 'नाही' म्हणण्याची सवय नसते. मान हलवणे हा त्याच्यासाठी अदबीचा भाग असतो. वरिष्ठ अधिकाऱ्याने नोटीस देऊन जबाब घेतला, तरी नोटीस वाचता न येणाऱ्यासाठी ती कशी उपयोगी पडणार? किमान प्रश्न आणि उत्तर दोन्ही जसेच्या तसे लिहिले जावेत, दुभाषी कोण होता त्याचे नाव नोंदवले जावे आणि सगळ्याचे चित्रीकरण व्हावे, एवढी अपेक्षा गैर आहे का? झडती आणि जप्तीचे चित्रीकरण नव्या संहितेने आवश्यक केले आहे. मग विचारपुशीचे का नाही, हे मला कळत नाही.

अमळनेरचे वकील

ताई, तुम्ही लिहिलेले फार महत्त्वाचे आहे, आणि फौजदार साहेबांच्या सूचनेशी त्याचा थेट संबंध आहे. दंडाधिकाऱ्यांपुढील कबुलीत हे बरेचसे सांभाळले जाते. कबुली देण्याचे तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, हे दंडाधिकाऱ्यांना आधी समजावून सांगावे लागते. शक्य असेल तर आरोपीच्याच भाषेत नोंद करावी, ती त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावी आणि त्याला दुरुस्ती करू द्यावी, असेही संहितेत आहे. आरोपी 'मला कबुली द्यायची नाही' म्हणाला, तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण 'नाही' म्हटल्यावर ज्या खोलीत परत जायचे आहे त्या खोलीची भीती मनात असताना माणूस मोकळेपणाने बोलूच शकत नाही.

फौजदार साहेब, फक्त एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. अधिकारी वरिष्ठ असला, तरी त्याच गुन्ह्याचा तपास करणाराच जबाब घेत असेल, तर खटला यशस्वी व्हावा यात त्याचा स्वतःचा रस असतो. या कायद्यात ताबा सिद्ध झाला की आरोपीचे मन दोषी होते असे गृहीत धरले जाते आणि ते खोडण्याचा भार त्याच्यावर येतो. इतक्या कडक कायद्यात पहिली पायरी तरी तपास अधिकाऱ्याच्या खोलीबाहेरच्या पुराव्याने चढली गेली पाहिजे. २००८ च्या नूर आगा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले होते की शिक्षा जितकी कठोर, तितका पुरावा कसून तपासला गेला पाहिजे. त्या प्रकरणातही नंतर नाकारलेल्या कबुलीवर विसंबण्यास न्यायालयाने नकार दिला होता.

शिरपूरचा शेतकरी

सर्वांचे मनापासून आभार. मुलाच्या वडिलांना मी हे वाचून दाखवले. मुलाची पोलीस कोठडी संपली असून तो आता न्यायालयीन कोठडीत आहे. त्याने भेटीत सांगितले की चार-पाच कागदांवर अंगठे घेतले, त्यांत काय लिहिले होते ते त्याला माहीत नाही. त्याच्या सांगण्यावरून काही जप्त झाल्याचे दिसत नाही. चालकाशी त्याचे फोनवर बोलणे झाले होते, हे मात्र तो मान्य करतो. तो म्हणतो की ते ऊसतोडीच्या गाडीच्या भाड्यासंबंधी होते. वकील देण्याइतके पैसे त्यांच्याकडे नाहीत.

अमळनेरचे वकील

पैशांची काळजी आधी सोडा. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतील कोणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; कारागृहातूनही अर्ज करता येतो. त्या वकिलामार्फत पुढच्याच तारखेला लेखी अर्ज द्या की अंगठे घेतलेल्या कागदांतील मजकूर आरोपीला वाचून दाखवलेला नाही, त्याने कोणतीही कबुली दिलेली नाही आणि दिल्याचे दाखवले असेल तर ती तो नाकारतो. ही नोंद जितकी लवकर होईल तितकी तिची किंमत जास्त.

त्याच अर्जात ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी करा. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचे आणि चित्रीकरण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, राखून ठेवण्याचे आदेश दिले आहेत. तरीही मागणी उशिरा झाली की यंत्र बिघडल्याचे उत्तर येते.

फोनच्या नोंदी त्याच्या विरोधात मांडल्या जातील, हे धरून चाला. बोलणे झाले एवढेच त्या नोंदी सांगतात, काय बोलणे झाले ते सांगत नाहीत. म्हणून ऊसतोडीच्या गाडीचा मुकादम, तिचे भाडे, दिलेली उचल, यांपैकी जे काही कागदावर किंवा साक्षीदाराच्या तोंडी मिळेल ते आताच गोळा करा. व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्रासाठी सर्वसाधारणपणे १८० दिवसांची मुदत असते. ती उलटली आणि न्यायालयाने वाढवून दिली नसेल, तर त्याच दिवशी जामिनाचा हक्क मागता येतो, म्हणून अटकेची तारीख वकिलाला नक्की कळवा. दोषारोपपत्राची प्रत मिळाली की गाडीतील मालाचे वजन पंचनाम्यात कसे घेतले आहे तेही पाहायला सांगा. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यात मोडत नाहीत. वीस किलोंहून थोडाच अधिक माल असेल, तर देठ, सुटी पाने आणि पोत्याचे वजन धरून तो आकडा आला आहे का, यावर कलम ३७ लागू होते की नाही हे ठरू शकते.